शून्य कोठे मानावे?

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या प्रयोगशाळेस दिष्ट प्रवाहाचे नवे पॉवर सप्लाय भेट द्यावेत, असा विचार येथे मांडला गेला. त्याचे मनःपूर्वक स्वागत करताना मला माझ्या महाविद्यालयीन दिवसांतील एक चूक सांगावीशी वाटते.

एका प्रयोगासाठी आम्हांला शून्याच्या वर 15 आणि खाली 15 व्होल्ट हवे होते. आम्ही दोन सप्लाय एकसर जोडले. पहिल्याचे ऋण अग्र दुसऱ्याच्या धन अग्राला. हा सांधा म्हणजे आमचे शून्य. बटण दाबताच दुसऱ्या सप्लायचा काटा खाली बसला. दोन्ही यंत्रांची ऋण अग्रे धातूच्या पट्टीने हिरव्या भूसंपर्क अग्राला जोडलेली होती. त्यामुळे दुसऱ्याचे धन अग्र पहिल्याच्या पट्टीतून आणि ऋण अग्र स्वतःच्या पट्टीतून एकाच भूमीला मिळाले व लघुपरिपथन झाले.

पट्ट्या काढणे हा खरा उपाय. आम्ही मात्र दुसऱ्या सप्लायच्या प्लगमधील जाड पिनच काढून टाकली. प्रयोग साधला, शाबासकीही मिळाली. काही दिवसांनी ते यंत्र एकटेच चालू असताना आतील तारेचे आवरण झिजून 230 व्होल्ट त्याच्या धातूच्या पेटीवर आले. हात लावताच माझा मित्र मागे फेकला गेला. तो बचावला, हे आमचे भाग्य, शहाणपण नव्हे.

त्या दिवशी उमगले की, पेटीचा भूसंपर्क जिवासाठी असतो आणि परिपथाचे शून्य सोयीसाठी. पहिला कधीही तोडू नये. दुसरे आपण निवडावे आणि एकाच बिंदूवर भूमीला जोडावे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची चिमटीही बहुधा भूमीलाच जोडलेली असते. ती त्याच शून्याला लावावी. एकसर जोडणीत एकूण व्होल्ट माहितीपुस्तिकेतील मर्यादेत ठेवावेत. 60 व्होल्टच्या पुढे दिष्ट प्रवाहही धोक्याचा मानतात. समांतर जोडणी पुस्तिकेने मुभा दिली तरच करावी; कारण दोन सप्लाय तंतोतंत सारखे नसतात आणि अधिक व्होल्टचा सप्लाय जवळजवळ सारा भार एकटा उचलतो.

आणखी एक गोष्ट जबलपूरची. वैशाखात येथील काळी जमीन भेगाळते. माती कोरडी पडली की भूसंपर्काचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे आणि दर उन्हाळ्यात जाणकार वीजतंत्रज्ञाकडून रोध मोजून घ्यावा.

माझी विनंती एवढीच की, आपल्या देणगीतील पहिला रुपया यंत्रावर नव्हे, या खड्ड्यावर खर्च व्हावा. त्यावर कोणाचे नाव कोरले जाणार नाही. परंतु आपल्या मुलांचे हात त्याच्याच भरवशावर यंत्राला लागतील.