बाभळीवरचा खाटीक

कन्नडहून गौताळ्याच्या जंगलाकडे निघालात की वाटेत पऱ्हाटीची आणि मक्याची रानं लागतात. तिथं तारेवर नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर एक पक्षी एकटाच बसलेला दिसेल. काजळ डोळ्यांतून पार कानापर्यंत ओढावं तशी काळी पट्टी, चोच आखूड पण टोकाशी आकडीसारखी वळलेली. हा खाटीक. कोतवालही तारेवरच बसतो, पण तो अंगभर काळा आणि त्याची शेपटी दुभंगलेली.

खाटकांतही प्रकार आहेत. पाठ विटकरी, डोकं करडं, उडताना पंखात पांढरा ठिपका, तो छोटा खाटीक. लांब शेपटीचा, कमरेवर तांबूस झाक असलेला नकल्या. उघड्या माळावर करडा-काळा-पांढरा दिसला तर राखी खाटीक समजा. नकल्याचं नाव उगाच पडलेलं नाही. टिटवी, खार, अगदी कुत्र्याच्या पिल्लाचाही आवाज तो काढतो.

आता खरी गंमत. हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला, म्हणजे चिमणी-बुलबुलांचा भाऊबंद. आणि खातो काय? नाकतोडे, सरडे, उंदराची पिल्लं. शिक्रा भक्ष्य पंजात आवळून फाडतो. खाटकाला तसा पंजाच नाही. मग तो बाभळीचा किंवा बोरीचा काटा कामाला लावतो. भक्ष्य काट्यात अडकवायचं आणि चोचीनं लचके तोडायचे. उरलं तर तिथंच टांगून ठेवायचं. दर वेळी करतो असं नाही. छोटा किडा तो तसाच गिळतो. आपण त्याला क्रूर म्हणतो, पण ही सारी पायातल्या उणिवेवरची तोड आहे. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं 1758मध्ये या पक्ष्यांना ‘लॅनियस’ नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खाटीकच.

टांगलेल्या मालाचे उपयोग आणखीही आहेत. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात अभ्यासकांनी काही नरांचा साठा काढून घेतला, काहींचा वाढवला. साठा गेलेल्यांना जोडीदारीण मिळेना, भरल्या कोठाराच्या नरांची लग्नं लवकर जमली! अमेरिकेतला एक खाटीक तर विषारी नाकतोडा टोचून दिवस-दोन दिवस थांबतो. विष उतरलं की मगच खातो.

बांधावरची बाभूळ तुटली आणि काटेरी तार आली, तरी हा तारेचाच काटा वापरतो. उद्या कुंपणाशी वाळका नाकतोडा टोचलेला दिसला, तर काढून टाकू नका. मालक जवळपासच बसलेला असेल.