मुखपृष्ठ फाडू नका



दिवाळी जवळ आली की आपल्या सरावलीत घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरची जुनी मासिके खाली येतात आणि रद्दीच्या तराजूत जातात. ती तराजूत घालण्यापूर्वी एकदा पाहा, एवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

मासिकाचे वरचे पान म्हणजे मुखपृष्ठ. अक्षर न येणारा माणूसही ते चित्र पाहून थांबतो. आपल्या मराठीत अशी चित्रे पुष्कळ झाली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' मासिक काढले. त्याचा १९०९ सालचा दिवाळी अंक हा मराठीतला पहिला मानतात. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. शंकरराव स्वतः चित्रकार होते. पुढे गोव्याकडचे दोन चित्रकार घरोघरी पोचले. एक दीनानाथ दलाल. त्यांनी १९४५ साली 'दीपावली' हा अंक सुरू केला. दुसरे रघुवीर मुळगावकर. त्यांच्या देवादिकांच्या चित्रांपुढे लोक हात जोडीत.

त्या काळी चित्रावरून धातूचे ठसे करीत. पिवळा, तांबडा, निळा, काळा, प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. एकावर एक छापले की चित्र उमटे. ठसा जरासा सरकला तरी चित्र बिघडे.

आता आमची चूक ऐका. शाळेत असताना आम्ही जुन्या अंकांची मुखपृष्ठे फाडली आणि खळ लावून वर्गाच्या भिंतीवर चिकटवली. उरलेले अंक रद्दीत दिले. मुले खूश झाली. एके दिवशी एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे चित्र कोणत्या सालचे?" आम्ही गप्प झालो. साल आतल्या पानावर होते, आणि ते पान आम्हीच विकले होते. पुढे पावसाळ्यात भिंतीला ओल आली. चित्रेही गेली.

म्हणून सांगतो, मुखपृष्ठ फाडू नका. अंक अख्खा ठेवा. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा पिवळा डाग पडतो. आपली हवा दमट. पेटी जमिनीवर ठेवली तर वाळवी लागते, म्हणून ती फळीवर ठेवा. अंक आडवे ठेवून स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. पावसाळा सरला की सावलीत वारा द्या, उन्हात नको. उन्हाने रंग उडतात.

तुम्ही आता अक्षरे लावून वाचू लागला आहात. येत्या रविवारी घरातला, नाहीतर शेजारच्यांचा, एक जुना अंक घेऊन या. नाव, महिना, साल, किंमत आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही आपण मिळून वाचू व वहीत उतरवू. आमच्याकडून राहिलेले काम तुमच्या हातून होऊ द्या.