जुनी मालमोटार, चासी क्रमांक आणि विम्याचे संरक्षण



दिंडोशीच्या एका अंगाला पश्चिम द्रुतगती महामार्गाची अहोरात्र वाहतूक आहे, तर दुसऱ्या अंगाला १९७७ साली स्थापन झालेली आणि आज दादासाहेब फाळके यांचे नाव धारण करणारी चित्रनगरी आहे. मालवाहतुकीतून निवृत्त झालेल्या मालमोटारीला चित्रीकरणाच्या निमित्ताने येथे पुन्हा काम मिळू शकते. टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे बांधलेल्या मालमोटारी, किंवा वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेल्या डॉज आणि फार्गो गाड्या हा देशाच्या औद्योगिक वाटचालीचा चालताबोलता इतिहासच होय. तो जतन करणारा मालक कौतुकास पात्र आहे. परंतु गाडी कितीही जुनी व देखणी असली, तरी ती रस्त्यावर आली की कायद्याच्या दृष्टीने ती इतर वाहनांसारखेच एक वाहन असते.

अडचण कोठे उद्भवते?

समजा, वडिलांच्या पश्चात मुलाच्या हाती अशी एक मालमोटार आली. त्याने पदरमोड करून ती दुरुस्त केली आणि विम्यासाठी अर्ज केला. विमा कंपनीच्या निरीक्षकाने चासीवरील क्रमांक पाहिला. नोंदणी पुस्तिकेत ज्या जागी ३ हा अंक आहे, तेथे लोखंडावर ८ दिसतो. विमापत्र अडले. मुलाला वाटते, एका अंकाने काय बिघडते? कोणी जाणता म्हणविणारा सल्ला देतो की, कारागिराकडून तो अंक नीट ठोकून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल.

हा सल्ला सर्वात घातक आहे. चासी क्रमांक ही वाहनाची ओळख होय. रंग, हौदा, एवढेच काय, इंजिनही बदलता येते. ह्या क्रमांकाला मात्र मालकाने स्वतःच्या अधिकारात हात लावता कामा नये. चोरीच्या मालमोटारींचे क्रमांक बदलून त्यांची नव्याने नोंदणी करण्याचा प्रकार नवी मुंबई पोलिसांनी २०२४ मध्ये उघडकीस आणला होता. अशा स्थितीत ताजा ठोकलेला अंक पाहणाऱ्याने मालकाच्या सचोटीवर विश्वास का ठेवावा? लोखंडही साक्ष देते. अंक ठोकताना त्याखालच्या धातूवर दाब पडतो. वरचा अंक घासून काढला, तरी रासायनिक प्रक्रियेने पुष्कळदा मूळ अंक पुन्हा दिसू लागतो.

तफावत म्हणजे लबाडी नव्हे

तथापि, प्रत्येक तफावतीमागे गुन्हा असतोच असे नाही. गंजामुळे ३ चा ८ भासतो. हस्तलिखित नोंदवहीतून संगणकावरील ‘वाहन’ प्रणालीत नोंदी घेताना चूक होऊ शकते. आज रूढ असलेला चासी क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. जुन्या मालमोटारींचे क्रमांक त्याहून लहान असत. केवळ तेवढ्यावरून जुना क्रमांक खोटा ठरत नाही. इंजिन बदलले असेल आणि त्याची नोंद झाली नसेल, तर मात्र दोष मालकाकडे जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील असा बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे आवश्यक आहे.

मालकाने काय करावे?

प्रथम गाडी रस्त्यावर आणणे थांबवावे. क्रमांकाची जागा रॉकेल व मऊ फडक्याने पुसावी. कानस किंवा घासयंत्र लावू नये. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि छायाचित्रे काढावीत. मूळ नोंदणी पुस्तिका, कराच्या पावत्या, योग्यता प्रमाणपत्रे, हस्तांतरणाची कागदपत्रे आणि पूर्वीची विमापत्रे एकत्र करावीत. वीस वर्षांपूर्वीच्या विमापत्रावर तोच क्रमांक आढळला, तर तो मोलाचा पुरावा ठरतो. ही कागदपत्रे जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा व वाहन तपासणीसाठी सादर करावे. लेखनदोष असल्यास अभिलेखात दुरुस्ती होऊ शकते. अंक झिजलेले असल्यास पुढील कार्यवाही त्या कार्यालयाच्या लेखी परवानगीनेच करावी. गाडी चोरीची असल्याचा संशय आला, तर पोलिसांना कळविण्यावाचून दुसरा मार्ग नाही, मग खरेदी कितीही प्रामाणिकपणे झालेली असो.

विमा कंपनीपासून ही तफावत लपवू नये. विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. ५ वर्षांहून जुन्या वाहनाचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरविण्याची पद्धत आहे. परंतु ज्या गाडीची ओळखच अनिश्चित, तिचे मूल्य कशाच्या आधारे ठरवावयाचे? जुनेपणाची सवलत मिळेल, या भरवशावरही राहू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी खास नोंदणीची सोय केली. ती दुचाकी आणि प्रवासी मोटारगाड्यांपुरतीच आहे. मालमोटारी तिच्या कक्षेत येत नाहीत.

कंपनीने नकार दिल्यास कारण लेखी मागावे व तिच्या तक्रार निवारण विभागाकडे दाद मागावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास वैयक्तिक विमाधारकाला विमा लोकपालाकडे जाता येते.

विमा कोणासाठी?

मालकाला विमा म्हणजे आपल्या गाडीचे रक्षण वाटते. कायद्याचा भर मात्र रस्त्यावरील परक्या माणसावर आहे. कलम १४६ ने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला, तो पादचाऱ्यासाठी, सायकलस्वारासाठी, शाळेतून परतणाऱ्या मुलासाठी. विम्याविना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण खरी शिक्षा त्याहून मोठी आहे. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून किंवा खोटी माहिती देऊन विमापत्र मिळविले असल्यास, ते रद्दबातल असल्याचा बचाव कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येतो. तो मान्य झाल्यास भरपाईचा भार अखेर मालकावर येतो. मालकापाशी तेवढा पैसा नसेल, तर ज्याचा कर्ता पुरुष गेला, त्या घराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

म्हणून त्या एका अंकाला क्षुल्लक मानू नये. वडिलांची मालमोटार जपणाऱ्या मुलाने तिचे इंजिन जितक्या मायेने दुरुस्त केले, तितक्याच निष्ठेने तिची कागदपत्रेही दुरुस्त करून घ्यावीत. त्यात काही आठवडे जातील, चित्रीकरणाचे एखादे काम हातचे जाईल. पण त्यानंतर ती गाडी दिंडोशीच्या रस्त्यावर उतरेल, तेव्हा तिच्या मालकाला निरीक्षकासमोर, न्यायालयासमोर आणि शेजाऱ्यासमोरही मान ताठ ठेवून उभे राहता येईल.