सिंहासनापुढे उतरवलेले मुकुट

बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. पात्म बेटावर योहानाला झालेलं दर्शन त्यात सांगितलं आहे. चौथ्या अध्यायात स्वर्गातलं सिंहासन दिसतं. भोवती पाचूसारखं इंद्रधनुष्य, समोर स्फटिकासारखा काचेचा समुद्र. शुभ्र वस्त्रं ल्यालेले 24 वडील डोक्यावरचे सोन्याचे मुकुट काढून सिंहासनापुढे ठेवतात आणि दंडवत घालतात. मिळालेला मानही देवाचाच, ही ती कबुली.

देवच उपासनेला पात्र का, याचं कारण तिथेच येतं: सगळं त्यानेच निर्माण केलं आणि त्याच्याच इच्छेने ते टिकून आहे. पाचव्या अध्यायात तोच सन्मान वधलेल्या कोकऱ्याला, म्हणजे ख्रिस्ताला मिळतो. सत्ता आणि आत्मबलिदान इथे एकत्र येतात.

हे पुस्तक आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, 7 मंडळ्यांसाठी लिहिलेलं. त्यांपैकी पर्गम शहरात रोमन सम्राट ऑगस्टसचं देऊळ होतं. सम्राटालाच देव मानणाऱ्या त्या जगात खरं सिंहासन एकच आहे, असं म्हणणं धाडसाचं होतं. राजाचे कायदे पाळावेत, पण पूजा मात्र देवाचीच, अशी ख्रिस्ती श्रद्धेची भूमिका राहिली आहे.