मोटारगाडी आणि घरचा हात



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून काही मंडळी हसली असतील. जिथे संतवाङ्मयावर आणि इतिहासावर बोलायचे, तिथे बादली, फडके आणि टायर! हसणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो की आम्ही मेकॅनिक नाही. बरीच वर्षे स्वतःची गाडी वापरणारे, घरच्या अंगणात तिची निगा राखणारे आणि त्यात पुष्कळदा चुकलेले असे आम्ही एक साधे गृहस्थ आहोत.

आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी लहानपणी पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी पाहिली असेल. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला नदीवर नेऊन धुवायचे. आम्ही लहान असताना आम्हांला वाटे, ही बैलाची हौस चालली आहे. पुढे ध्यानात आले की खांदा चोळताना शेतकऱ्याची बोटे जुवाखालची सूज शोधत असतात; धुताना खुरातला काटा, कातडीवरची जखम, पोटाखालची गोचीड, सारे त्याच्या हाताला लागते. धुणे आणि तपासणे ही त्याच्या लेखी दोन कामे नव्हती. आज आपल्या दारात बैलाच्या जागी मोटार उभी आहे. तिलाही आपण दसऱ्याला धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण ज्या चाकाखाली लिंबू ठेवले, त्या चाकात हवा किती आहे हे कोणी पाहत नाही.

यावर लोक म्हणतात, 'अहो, हल्लीच्या गाड्यांत घरी करण्यासारखे राहिलेच काय?' यात थोडे तथ्य आहे. अँबेसेडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट बाळगणारा मनुष्य प्लग काढून घासत असे, पॉइंटची फट पत्र्याच्या मापाने जुळवीत असे, कार्बुरेटर फुंकून साफ करीत असे. तो जमाना गेला. अँबेसेडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. आता इंजिनाचा कारभार संगणकाकडे आहे आणि त्यात आपण बोट घालू नये हेच बरे. परंतु टायर, पाणी, ऑइल, ब्रेक आणि रंग या पाच गोष्टी अजून हाताच्या आणि डोळ्यांच्याच आहेत. त्यांतली टायरची गोष्ट आम्ही जरा सविस्तर सांगणार आहोत, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे.

नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. त्या वेळी प्रथम 'टायर फुटला' असे सांगण्यात आले. परंतु परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तो अपघात आम्ही टायरच्या खात्यावर टाकणार नाही. मात्र त्यानंतर गावोगावच्या पारावर टायरची चर्चा सुरू झाली, आणि तिच्यात एक घातक समजूत आम्ही वारंवार ऐकली. ती अशी, की उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून महामार्गावर जाताना टायरमधली हवा थोडी कमी करून घ्यावी.

ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. हवा तापली की दाब वाढतो हे खरेच आहे. दर दहा अंशांमागे साधारण दीड-दोन पौंडांनी वाढतो. पण गाडी बनविणाऱ्याने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलेला असतो, तो थंड टायरचा आकडा असतो. खरा धोका उलट बाजूने आहे. हवा कमी असली म्हणजे टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवून पाहा, वाकते त्या जागी ती गरम लागते. टायरचेही तसेच होते. गरम झालेले रबर आतल्या दोऱ्यांना सोडू लागते, आणि मग तो फुटतो. लोक म्हणतात, हवा जास्त झाली म्हणून फुटला. वस्तुतः पुष्कळदा तो हवा कमी असल्यामुळे फुटलेला असतो.

इथे आपल्या जुन्या रस्त्यांनी आपल्याला एक वाईट खोड लावली आहे. बुलढाण्याहून चिखलीला जायचे तर मध्ये खड्डे, गुरे, गतिरोधक, चहा. टायरमध्ये पाच-सात पौंड हवा कमी असली तरी ते खपून जाते; टायरला थंड व्हायला सवड मिळते. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि तास-तास ब्रेकवर पाय पडत नाही. जी उणीव चिखलीच्या रस्त्याने दहा वर्षे झाकली, ती तिथे तासाभरात उघडी पडते.

तेव्हा एक साधे गेज विकत घ्यावे. चांगला टायरसुद्धा महिन्याला पौंडभर हवा आपोआप गमावतो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी हलण्यापूर्वी मोजावे. मोजताना टायरवरून हात फिरवावा. बाजूच्या भिंतीवर फुगवटा लागला तर तो टायर त्याच दिवशी बदलावा, तिथे काटकसर नको. खाचांच्या तळाशी रबराच्या लहान आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि कायद्यानेही त्याचे आयुष्य संपले. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी फारशी न चालविणाऱ्यांनी हे आकडे अवश्य वाचावेत, कारण टायर उभ्या उभ्याही म्हातारा होतो.

'हे सारे सर्व्हिसिंगमध्ये होतेच ना?' होते, आणि कधी होत नाही. एकदा एका ठिकाणाहून आमची गाडी धुवून-पुसून परत आली. बिलावर 'टायर तपासले, हवा भरली' असे छापले होते. घरी येऊन पाहतो तो व्हॉल्व्हच्या टोपणांवर आठ दिवसांपूर्वीचा चिखल जसाच्या तसा वाळलेला! टोपण न काढता हवा कशी भरली, हे कोडे आम्हांला आजवर सुटलेले नाही.

आता पाण्याकडे वळू. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूची मंडळी खारपाणपट्ट्याचे दुःख जाणतात. जे पाणी माणसाला बाधते, ते लोखंडाला सोडील कसे? हे बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घातले की आत क्षाराचा थर बसतो, नळ्या बारीक होतात आणि इंजिन तापू लागते. रेडिएटरमध्ये कूलंट आणि शुद्ध पाणीच घालावे, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम इंजिनाचे झाकण उघडून हात भाजून घेतलेले लोक आमच्या पाहण्यात आहेत. टोपणांच्या बॅटरीत तर बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्याखेरीज थेंबही नको. गाडी खाऱ्या पाण्याने धुतली आणि उन्हात वाळू दिली तर काचेवर आणि रंगावर पांढरे डाग उठतात. म्हणून सावलीत धुवावी आणि लगेच कोरड्या, मऊ फडक्याने टिपून घ्यावी. पावसाळ्यात आम्ही पन्हाळीचे पाणी पिंपात धरून ठेवतो. त्यासारखे दुसरे पाणी नाही.

घाटावरच्या मंडळींचे दुखणे वेगळे. मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते, आणि ओलावा शिरलेले ऑइल लवकर उकळते. घाटात सतत ब्रेक दाबून धरला की ते उकळून त्यात बुडबुडे होतात, पाय दाबला तर बुडबुडाच दबतो, चाक धरले जात नाही. एकदा भर घाटात आमच्या पायाखाली पेडल असे मऊ झाले की शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी देवाचे नाव घेतले आणि आम्ही दुसरा गिअर घेतला. दोहोंपैकी कशाचा उपयोग झाला यावर घरात अजून वाद आहे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे, पण ते काम घरी करू नये. घरी डबीवरची खूण पाहावी, आणि पातळी उतरलेली दिसली तर नुसती भर घालून मोकळे होऊ नये. ती उतरली म्हणजे ब्रेकचे पॅड झिजले किंवा कुठे गळती आहे. तेव्हा मेकॅनिककडे जावे.

इंजिन ऑइल सपाट जागी, इंजिन थंड असताना पाहावे, दोन खुणांच्या मध्ये असावे. याहून त्यात सांगण्यासारखे काही नाही. मात्र जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो, माणसाचा भार त्याच्या भरवशावर ठेवायचा नसतो.

रंगाबद्दल तरुण मंडळी फार विचारतात. धूळ कोरड्या फडक्याने कधीच पुसू नये; तिच्यातली बारीक वाळू रंगावर कानस फिरविल्यासारखी फिरते. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची, दुसरी फडके खळबळण्याची. साबण गाडीचा असावा, भांड्यांचा नव्हे. भांड्यांचा साबण वरचे मेण उतरवून टाकतो. पॉलिश आणि मेण यांत पुष्कळांची गफलत होते. मेण रंगावर बसते. पॉलिश रंगाचा वरचा पातळ थर घासून काढते. गाडीवरच्या सगळ्या रंगाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास! दर दिवाळीला पॉलिश करणारा गृहस्थ चकाकीची किंमत रंगाने मोजतो. मेण मात्र वर्षातून तीन-चारदा खुशाल लावावे, आणि लावताना बोटांना खडबडीत लागेल तिथे थांबून पाहावे. गंजाची सुरुवात डोळ्यांच्या आधी बोटांना कळते.

राहता राहिली स्टेपनी. लोणारहून परतताना मेहकरच्या अलीकडे आमचे चाक बसले. जॅक होता, पाना होता, स्टेपनीही होती. फक्त स्टेपनीत हवा नव्हती. चार चाकांची हवा पाहणारे आम्ही, पाचवे चाक विसरलो होतो. एका दूधवाल्याने मोटारसायकलवर ते चाक गावात नेले, हवा भरून आणले आणि पैसे घ्यायला नकार दिला. तेव्हा स्टेपनीतली हवाही पाहत जा. आता व्याख्यान संपल्यावर बाहेर जाऊन लगेच गेज लावण्याचा मोह कोणाला झाला, तर आज नको. गाड्या येऊन जेमतेम तास झाला आहे, टायर अजून कोमट आहेत. उद्या सकाळी मोजा.