पोट फुगलं, वारा सरेना
ऐन लावणीत आमच्या गटातल्या एका काकूंचं पोट ढोलासारखं फुगलं. तीन दिवस परसाकडे नाही, वाराही सरेना. पोट साफ नाही म्हणून आम्हीच त्यांना एरंडेल पाजलं. चुकलंच आमचं. उलट्या लागल्या तेव्हा पोलादपूरहून महाड, तिथून मुंबई गाठली. गाडीतही काकूंचा जीव रोपांतच! मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ वाढून वाट बंद झाली होती.

डॉक्टरांनी पोट न फाडता शौचाच्या जागेतून दुर्बीण घातली आणि गाठीत तारेच्या जाळीची नळी बसवली. तिला स्टेंट म्हणतात. मिटलेल्या छत्रीसारखी आत जाते, मग एक-दोन दिवसांत हळूहळू पुरती उघडते. काकूंचं पोट उतरलं. नळीने कॅन्सर जात नाही, पण ऑपरेशनच्या तयारीला वेळ मिळतो. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही, त्यांनाही आराम पडतो. मात्र ती सगळ्यांना बसवता येत नाही, क्वचित आतड्याला भोकही पडतं. डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

असं पोट फुगलं तर तोंडाने काही देऊ नका, जुलाब तर नाहीच. रात्र असली तरी १०८ला फोन लावा. आणि शौचातून रक्त जातंय, ते मूळव्याध म्हणून लपवू नका.