आपण आणि आम्ही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. भाषाशास्त्र शिकलेली नाही. पण माझी मुलगी तीन वर्षांची असताना ‘मी करलं’ म्हणायची. घरात कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. ‘धरलं’, ‘भरलं’ ऐकून नियम तिनेच काढला होता. मुलं नुसतं पाठ करत नाहीत, नियम शोधतात, हे जीन बर्को यांनी १९५८ साली बनावट शब्द वापरून दाखवलं होतं.

मग ती इंग्रजी माध्यमात गेली. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांची गेली!) सातव्या वर्षी गिरगावात माझ्या आईला म्हणाली, “आजी, आम्ही चौपाटीवर जायचं?” आईने पायातल्या चपला काढल्या. “जा तुम्ही. मी आहे घरी.” मुलगी रडवेली झाली, तिला आजीलाच न्यायचं होतं. इंग्रजीतलं ‘वी’ एकच, त्याचं तिने ‘आम्ही’ केलं होतं. ऐकणाऱ्याला सोबत घेणारं ‘आपण’ तिच्या जिभेवर नव्हतं. आमच्या चाळीतल्या गुजराती शेजाऱ्यांकडेही ‘आपणे’ आणि ‘अमे’ हा भेद आहे, तमिळ-तेलुगूतही आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या अ‍ॅपचं मराठी भाषांतर उघडलं. ‘आम्ही तुमची माहिती जपतो’ हे बरोबर. पण ‘आम्ही सुरुवात करू या’? सगळीकडे ‘आम्ही’, आणि तपासून मंजूर करणारी मीच.

आई आता नाही. मुलगी पंधरा वर्षांची आहे. परवा तिने विचारलं, “तुमच्या शाळेच्या मेळाव्याला आपण किती वाजता निघायचं?” मी तिला बोलावलं नव्हतं. ती बघा, मागच्या बाकावर बसली आहे.